साडेचार तारे आणि नऊ घरं

आमच्या वाडीत नऊ घरं आहेत आणि बी.ए. झालेली मी एकटी. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. मिरवण्यासाठीच सांगते. रामनगरला मामांकडं राहून, रोज सकाळच्या बसमध्ये उभ्यानं खानापूरला जाऊन मी ती पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाबांना सही येते, आईला तीही येत नाही. त्यामुळं जोयड्याच्या कचेरीतून वाडीत कुठलाही कागद आला की तो आधी माझ्याकडं येतो. कागद कन्नडमध्ये असतो. मी तो मराठीत सांगते आणि मी सांगेन ते खरं धरून माणसं आपापल्या घरी जातात.

पदवीनंतर मी वाडीत परत आले ती दोन महिन्यांसाठी. त्याला आता चार वर्षं झाली. नोकरीचे अर्ज केले, एकदोन ठिकाणी बोलावणंही आलं, पण ज्या दिवशी पोचायचं त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं आणि बस पलीकडंच थांबली. सकाळी एक बस जाते, संध्याकाळी तीच परत येते. ती चुकली की दिवस संपला. घरात फोनला रेंज नाही. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथल्या मोरीच्या कठड्यावर बसलं की मिळते. नंदिगड्ड्याकडं जाणारी जीप दिसली की पाय वर घ्यायचे, गेली की परत खाली सोडायचे. असं बसून बसून मी सिनेमाची परीक्षणं लिहायला लागले.

बेळगावच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ती छापून येऊ लागली. पुरवणीचे संपादक भले गृहस्थ. फोनवर एकदा म्हणाले, "तू इथं राहायला आलीस, तर पुरवणीचं कायमचं काम देता येईल. जंगलातनं कसं जमायचं?" मी 'बघते सर' म्हणाले. त्या दिवसापासून मला वाडीतल्या प्रत्येक गोष्टीचा राग यायला लागला. कंदिलाचा, ओढ्याचा, गावातल्या माणसांचा, 'काय ग, फोन लागला काय?' ह्या रोजच्या प्रश्नाचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो सिनेमा आला. प्राण्यांचा, ॲनिमेशनचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, आणि सात-आठ गाण्यांचा. बेळगावला जाऊन मी पहिल्याच दिवशी पाहिला. गव्याचं एक पिल्लू असतं, त्याला गाता येत नाही. रानातले सगळे प्राणी गातात, धनेश पक्ष्यांचं तर अख्खं पथक असतं. जंगलाच्या मध्ये माणसांची एक वस्ती असते. माणसं पलिते घेऊन प्राण्यांना हाकलतात. शेवटी त्या मुक्या पिल्लाला सूर सापडतो, सगळं रान त्याच्या मागं गाऊ लागतं, आणि माणसांना लाज वाटून ती गाड्यांत बसून निघून जातात. त्यांच्या घरांवर वेली चढतात. एका उंबऱ्यावर ते पिल्लू डोकं टेकून झोपतं.

मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. थंडगार थिएटर, शेजारी आईच्या मांडीवर उभं राहून टाळ्या वाजवणारी एक चिमुरडी, आणि पडद्यावर इतकं हिरवं जंगल की आमचं त्याच्यापुढं मळकट वाटावं. बेळगावातल्या मामेभावाच्या घरी बसून त्याच संध्याकाळी लिहून काढलं. बाकीच्यांनी काय लिहिलंय तेही फोनवर वाचलं. सगळ्यांनीच डोक्यावर घेतला होता. कुणी म्हणत होतं, मुलांपेक्षा मोठ्यांनी बघायला हवा. कुणी म्हणत होतं, निसर्गाची माफी मागणारा सिनेमा. एकानंच गाणी जास्त झाली अशी कुरकुर केली होती. मला वाटलं, मी मागं का राहू? मी लिहिलं: 'शेवटी माणसं निघून जातात, आणि जंगल ज्यांचं होतं त्यांना ते परत मिळतं. इतका सुंदर निरोप आपण क्वचित पाहतो.' तारे दिले साडेचार.

संपादकांनी विचारलं, "अर्धा कुठं ठेवलास?"

"गाणी जरा जास्त आहेत, सर," मी म्हटलं. दुसऱ्याची कुरकुर उचलून सांगितली.

नावाखाली एक ओळ छापली गेली: 'लेखिका जोयड्याच्या जंगलात राहतात.' ती ओळ मीच सुचवली होती. पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांकडं नाही असं काहीतरी माझ्याकडं आहे, हे वाचणाऱ्याला कळू दे, असा माझा हिशेब.

बाबांनी ती पुरवणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जोयड्याला नेली. तिथल्या दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावली. 'माझ्या पोरीचं हाय,' असं बाबा तिथं किती जणांना म्हणाले असतील, देव जाणे. शेवटी दुकानदारानंच ती भिंतीवर चिकटवली.

त्यानंतर गणपती झाले आणि अर्ज आले. जंगलातल्या वाड्यांनी राजीखुशीनं बाहेर जाऊन राहावं आणि सरकारकडून भरपाई घ्यावी, त्याचे अर्ज. जबरदस्ती काही नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं. घरातल्या सज्ञान मुलामुलींचा अर्ज वेगळा. म्हणजे बाबांच्या नावाचा एक आणि माझ्या नावाचा एक. छापील कागदावर माझं पूर्ण नाव, शेजारी सहीची मोकळी जागा. तो कागद मी दोन दिवस पुन्हा पुन्हा काढून पाहत होते. सही केली की बेळगाव. इतकं सरळ.

पण सरळ नव्हतं, आणि ते का नव्हतं ते सांगायला आमची भाताची राखण सांगावी लागेल. भात दुधात आलं की रानडुकरं आणि गवे उतरतात. म्हणून प्रत्येक घराचा शेतात एक माळा असतो, खांबांवर उभारलेला. असे नऊ माळे. पहिल्या माळ्यावरचा माणूस 'हूऽऽ' करून हाळी देतो आणि डबा बडवतो. ती संपली की दुसरा, मग तिसरा. अशी हाळी नवव्यापर्यंत जाते आणि परत फिरते. मधला एक माळा गप्प राहिला की जनावर नेमकं तिथनं आत येतं. चार घरं गेली तर उरलेल्या पाचांनी शेत कसं राखायचं? त्यामुळं अर्ज ज्याचा त्याचा असला, तरी निर्णय नऊ घरांचा होता. आणि नऊ घरं माझ्याकडं बघत होती, कारण अर्ज वाचून दाखवला होता मी.

"तू काय करणार ग?" काका विचारायचे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेवटच्या माळ्याचे धनी.

"अजून ठरवलं नाही," मी म्हणायची. मला जायचं होतं, पण ते घरात बोलायचं धाडस नव्हतं. बी.ए.चा एवढा तोरा मिरवणारी मी, बापापुढं एक वाक्य बोलू शकत नव्हते.

भात दुधात आलं त्याच दिवसांत एक संस्था वाडीत आली. जंगलाबाहेर जाण्याचे फायदे समजावत वाड्या-वाड्यांतनं फिरणारी. वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्यातल्या एका तरुण सरांनी शाळेच्या खोलीत पांढरी चादर बांधली, जनरेटर लावला आणि दिवेलागणीच्या वेळी सगळ्यांना सिनेमा बघायला बोलावलं. तोच सिनेमा.

माणसं थेट राखणीला जायच्या तयारीनं आली. हातात बॅटरी, काखेत डबा, डोक्यावर घोंगडं. पोरंटोरं पुढं, बायका मध्ये, आणि बाकावर आत्ती. आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण, पहिल्या माळ्याची मालकीण. ती सुरुवातीलाच पेंगायला लागली.

पहिल्या गाण्याला पोरं खूश झाली. दुसऱ्या गाण्यात धनेशाची जोडी नाचायला लागली, तसे काका माझ्याकडं वाकले.

"मागं पळस फुललाय न्हवं?"

"व्हय की."

"मग ह्या दिवसात मादी ढोलीत अंड्यांवर असती. दार लिंपून बसलेली. ही नाचाया कशी आली?"

मागून कुणीतरी म्हणालं, "सुट्टी घेतली असंल." खोलीभर हसू पसरलं. मीही हसले, आणि मग लक्षात आलं की बेळगावला मला हे दिसलंच नव्हतं. माझा जन्म इथला. मी पळस बघितला, मादी बघितली, गाणं ऐकलं, आणि मला काही खटकलं नाही.

मग ते दृश्य आलं. डुकरांचा कळप आणि गवे, सगळे गात गात भाताच्या शेतात उतरतात. पडद्यावर तो आनंदाचा प्रसंग आहे. पण आत्तीला जाग आली ती नेमकी तेव्हा. डोळे उघडले तर समोर भात आणि भातात डुकरं. तिनं घोंगडं फेकलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "हूऽऽऽ! हाल्ल्याऽऽ!" आणि काखेतला डबा बडवला.

पुढं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुसऱ्या माळ्याच्या घरातला माणूस दाराजवळ बसला होता. त्याच्या तोंडून आपोआप 'हूऽऽ' निघालं. मग तिसरा. मग बाबा, ते पाचवे. एकेक करत हाळी बरोबर क्रमानं खोलीभर फिरली आणि काकांनी शेवटचा डबा वाजवला. गाणं कुठल्या कुठं बुडून गेलं. चादरीवर डुकरं गात होती आणि नऊ घरं त्यांना हाकलत होती.

मग सगळे एकमेकांकडं बघून हसायला लागले. आत्ती कपाळावर हात मारून खाली बसली. "मला काय म्हाईत, पडद्यातली हाईत म्हणून! भात तर आपल्यावानीच हाय की!"

संस्थेचे सर हसले नाहीत. त्यांनी शेवटपर्यंत सिनेमा चालू ठेवला. माणसं गाड्यांत बसून निघाली, वेली चढल्या, पिल्लू झोपलं. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिवा लागला, तसं आई हळूच म्हणाली, "गाड्या रिकाम्याच दाखवल्यात ग."

आईचं माहेर सुप्याच्या धरणाखाली गेलं. ती लहान होती तेव्हा तिची माणसं तिथनं उठून रामनगरला आली. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. तेव्हा बोलली. "आमचं सामान लॉरीत बसंना. उखळ काढून ठेवलं, तर आज्जीनं परत चढवलं. ह्यांच्या गाडीत सूपसुद्धा न्हाई."

आणि बाबांनी सरांना विचारलं, अगदी साधेपणानं, "सर, ती माणसं गेली कुठं?"

"कुठली?"

"गाडीतली. पुढं काय झालं त्यांचं?"

"ते सिनेमात नाही," सर म्हणाले. "सिनेमा प्राण्यांचा आहे."

मग त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. माझं परीक्षण. झेरॉक्स केलेलं, पिवळ्या पेनानं एक ओळ रंगवलेली. सर चांगले वाचत होते, थांबत थांबत. "'आणि जंगल ज्यांचं होतं त्यांना ते परत मिळतं.' हे मी म्हणत नाही, तुमच्याच वाडीतल्या पदवीधर ताईंनी लिहिलंय. साडेचार तारे दिलेत. खाली लिहिलंय, लेखिका जोयड्याच्या जंगलात राहतात. ताई, तुम्हीच सांगा ना दोन शब्द."

सगळ्यांच्या माना वळल्या. आत्तीनं विचारलं, "हे तू लिवलंस?"

"व्हय."

"म्हंजे आम्ही जावं म्हणून?"

"सिनेमातल्या माणसांबद्दल लिहिलं, आत्ती."

"सिनेमातली माणसं राहतात कुठं? रानातच की. भात लावतात. मग ती कोण, आणि आम्ही कोण?"

चार वर्षं मी मोरीवर बसून दुसऱ्यांच्या सिनेमांना तारे वाटले. कथा कुठं कमी पडली, कोणाचं पात्र कच्चं राहिलं, सगळं सांगितलं. आणि ज्या वस्तीत एकाही माणसाला नाव नाही, एकही म्हातारी भाकरी थापत नाही, अशी वस्ती रिकामी झाली म्हणून मी रडले, आणि त्याला सुंदर निरोप म्हटलं.

मला खाली बसून राहता आलं असतं. पण सर कागद हातात धरून थांबले होते, आणि मी गप्प बसले तर ती माझी संमती धरली जाणार, हे दिसत होतं. मी उभी राहिले.

"सिनेमा मला आवडला होता," मी म्हटलं. "लिहिलं ते तेव्हा खरंच वाटलं म्हणून लिहिलं. पण जे विचारायला पाहिजे होतं ते बाबांनी आत्ता विचारलं, मी विचारलं नाही. ते परीक्षण अर्धंच आहे. त्याच्यावर कुणी सही करू नका."

सर म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, वाडीनं राहावं?"

इथं थांबायला हवं होतं. पण अर्धं सांगून मी एकदा फसले होते. म्हटलं, "माझं विचारलंत तर मला जायचंय. बेळगावला काम मिळतंय. माझं मन तिकडं आहे. म्हणूनच माझं ऐकू नका."

मी बाबांकडं बघितलं. त्यांनी बॅटरी चालू केली, बंद केली, परत चालू केली. मग डबा काखेत घेऊन उठले. "राखणीचा येळ झाला," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी सही कुणीच केली नाही. मी बाबांच्या मागून बांधावरून चालत होते. अर्ध्या वाटेवर ते मागं न बघता बोलले.

"कधीपास्नं जायचंय तुला?"

"आले तेव्हापास्नं."

"मग जा की. एकटी जा. घर उचलून न्यायला कशाला लागतंय?"

रागावून म्हणाले की समजूत घालायला, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीवर जाऊन मी संपादकांना फोन केला. एक छोटी दुरुस्ती छापाल का, विचारलं. ते सिनेमातल्या माणसांचं, आणि धनेशाचं. ते हसले. "अगं, तारीख चुकली, नाव चुकलं, तर दुरुस्ती छापतात. परीक्षण म्हणजे मत. मताची दुरुस्ती नसते. आणि तो सिनेमा गेला आता, कोण वाचणार?"

"इथं वाचतात, सर. झेरॉक्स काढून वाचतात."

"मग चांगलंच की! पुढच्या महिन्यापासून ये कामाला. खोली मिळवून देतो."

संस्थेच्या सरांनाही मी सांगितलं, की दुसऱ्या वाड्यांत ते वाचू नका. ते नम्रपणे म्हणाले, "ताई, छापून आलेलं आहे. तुमचं नाव आहे त्यावर. मी त्यात एक शब्द घातलेला नाही." खरंच होतं ते. पुढच्या दोन वाड्यांत त्यांनी ते वाचलं. एका वाडीत 'शिकलेली पोरगीच म्हणती' म्हणून तिघांनी सह्या केल्या. कदाचित त्यांना जायचंच असेल, मला माहीत नाही.

आता मी जाऊ शकते. बाबांनी जा म्हटलंय, संपादकांनी ये म्हटलंय, अर्जावर माझं नाव छापलेलं आहे. आणि जाऊ शकत नाही. कारण मी सही केली, किंवा सही न करता नुसती बॅग उचलून बसमध्ये चढले, तरी बाकीच्यांसाठी तेच माझं परीक्षण होईल. ह्या वेळचं कुणाला वाचूनही दाखवावं लागणार नाही. ज्यांना राहायचंय त्यांना वाटेल, शहाणी होती, पळाली. एक जाईल, मग दुसरा. माळे गप्प व्हायला लागतील.

आणि मी राहिले, तरी ते मनापासून राहणं नाही. मोरीवर बसून मी अजून बेळगावच्या खोलीचे विचार करते. भात कापून झालं. माळे उतरवले. अर्ज माझ्या ट्रंकेत आहेत, सगळ्या घरांचे, कारण 'तुझ्याकडंच असू दे' म्हणून माणसं ते आणून देऊन गेली. संपादकांना मी अजून हो-नाही कळवलेलं नाही. पुढचा महिना येऊन गेला.

आत्ती रोज सकाळी दारावरून जाते. थांबत नाही, नुसतं विचारते, "सही केलीस?"

"न्हाई."

"बरं." आणि पुढं जाते.

काल उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. तशी ती थांबली. डोक्यावरची शेणाची पाटी उतरवून तिनं खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघत उभी राहिली. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं.

"न्हाई," मी म्हटलं.

तिनं पाटी परत डोक्यावर घेतली. मी हात लावला, कारण पाटी जड होती.